वारकऱ्यांचा ‘ऱ्य’ आणि मांजरपाटाचा फलक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढात आमच्या गल्लीतून पंढरीला जाणारी दिंडी गेली. स्वागताचा फलक दरवर्षी मीच रंगवत असे. यंदा हाताला प्लास्टर होते, म्हणून मुलांनी फ्लेक्स करून आणला. त्यावर हातभर उंचीची अक्षरे होती: ‘वारकर्यांचे स्वागत’. र चा रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसला होता. मोठ्याने वाचून बघा, क वर आघात येतो आणि वारकरी कुठल्या कुठे जातो. ‘वारकऱ्यांचे’ मध्ये र हलका आहे, तो य ला अलगद चिकटतो, म्हणून त्याला वेगळी खूण आहे. डोळ्याच्या पापणीसारखी छोटी वळलेली रेघ. माझ्या उस्तादांनी ती काढायला मला आठ दिवस लावले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो. भांडायला नाही. कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा कानडी घरचा, वय वीस असेल. म्हणाला, “काका, ही खूण कीबोर्डवर कुठं असतंय मला म्हाईतच न्हाई.” मी त्याला कागदावर काढून दाखवली. कानडीत अर्कावत्तु, म्हणजे अर्ध्या र ची खूण, असतो तोच र, पण तो अक्षराच्या उजवीकडे बसतो, असे सांगितल्यावर त्याला चटकन समजले. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. दोष त्याचा नाही. त्याला हाताने कोणी दाखवलेच नव्हते. त्या कागदामुळेच हे पत्र लिहावेसे वाटले.

मी शहापूरचा पेंटर. वयाच्या चौदाव्या वर्षी खडेबाजारातल्या एका पेंटरच्या हाताखाली राहिलो. उस्ताद मराठी, कानडी, इंग्रजी आणि उर्दू अशा चारही लिप्यांत पाट्या रंगवत. पहिले सहा महिने त्यांनी मला एकही अक्षर काढू दिले नाही. फ्लॅट ब्रश पाण्यात बुडवायचा आणि काळ्या फळीवर उभी रेघ, आडवी रेघ, अर्धे वर्तुळ. पाणी वाळले की परत पहिल्यापासून. त्यानंतर ‘व’ आला. व चे पोट जमले की ब आणि क आपोआप सुधारतात, असे ते म्हणत. शाळेत आपण ग म भ न ने सुरुवात करतो, पाटीवर मात्र व ने.

सराव कशावर केला म्हणाल तर आपल्याच वर्तमानपत्राच्या रद्दीवर. छोट्या जाहिरातींचे पान आडवे धरले की स्तंभांच्या रेघा आयत्या दुरेघी वहीसारख्या होतात. त्याच रद्दीत मुंबईच्या नाटकांच्या जाहिराती यायच्या. कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावे आम्ही कापून भिंतीला चिकटवायचो. शेडगे २०२० साली गेले, पण त्यांची कात्रणे माझ्या ट्रंकेत अजून आहेत. नाव वाचायच्या आधी नाटक हसवणारे आहे की रडवणारे, हे अक्षराच्या वळणावरून कळायचे. र. कृ. जोशी यांच्यासारख्या हाताने अक्षर जाणणाऱ्या माणसाने ‘मंगल’ हा टंक घडवला, तो तर कॉम्प्युटरवर देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येकाने पाहिला असेल. म्हणून कॉम्प्युटरला मी शत्रू मानत नाही. त्यात चांगले अक्षर आले तेही कोणाच्या तरी हातातूनच आले.

गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी मी घराच्या पडवीत मुलांना बसवतो. अकरा मुले येतात, त्यांतली चार कन्नड माध्यमाची. सुरुवातीला दुकानातून सुलेखनाची पेने आणली. देवनागरी काढायला बसलो तर जिथे रेघ जाड हवी तिथे बारीक पडू लागली. कारण त्या निबेचा छेद इंग्रजी अक्षराच्या सोयीने तिरका असतो आणि देवनागरीला तो उलट्या बाजूने तिरका लागतो. मग खानापूरकडच्या नातेवाइकाकडून बांबूच्या काड्या मागवल्या आणि प्रत्येक मुलाला बोरू तासून दिला. त्या दिवशी पोरांचा ‘श’ पहिल्यांदा श सारखा दिसला. देठाचा श आणि पाकळ्यांचा ल ही मराठीची वळणे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली तीच प्रमाण ठरवली. तरी कॉम्प्युटरवर बऱ्याचदा हिंदीच्या वळणाचे श आणि ल उमटतात आणि मुले तेच गिरवतात.

दोन लिप्या शेजारी ठेवून शिकवण्यात जो आनंद आहे तो बेळगावकराला वेगळा सांगायला नको. देवनागरीचे अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे वरच्या रेघेला लोंबते. कानडीचे अक्षर घोंगड्यावर मांडी घालून बसते, डोक्यावर तेवढे तलेकट्टु, म्हणजे वरची छोटी रेघ. पण ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ यांतला ळ दोघांकडे आहे. परवा एका मुलीने दोन्ही ळ एका कागदावर शेजारी काढले आणि विचारले, “ह्ये बहिणी हाईत काय?” तो कागद मी पडवीत लावला आहे. पाटीवर कुठली लिपी मोठी असावी यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, आणि मराठी अक्षर दिसले पाहिजे याबद्दल माझे मत ठाम आहे. पण जे दिसते ते नीट काढलेलेही असले पाहिजे.

आमच्या घरी आजोबांच्या वेळची शेताची कागदपत्रे मोडीत आहेत. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरे तिला टांगत जातात. एका पानावर सबंध ओळीत शाई कुठे थांबली ते शोधावे लागते, इतका तो हात वाहता आहे. माझ्या वडिलांना ती वाचता येत होती. मला येत नाही. अशा गोष्टी एका पिढीत निघून जातात, हे मी घरातच पाहिले आहे.

आता गणपती जवळ आले आहेत. शहरातल्या आणि तालुक्यांतल्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. कर्नाटकात २०१६ पासून फ्लेक्सवर बंदी आहे, तरी चौकाचौकात तो लागतोच. यंदा निदान प्रवेशद्वारावरचा एक फलक मांजरपाटावर हाताने रंगवून घ्या. त्यासाठी मोठे पैसे लागत नाहीत. कापड ताणून बांधायचे, खडूत बुडवलेल्या दोरीने रेघा मारायच्या, रंगात सरस मिसळायचा, दोन दिवस लागतात. निपाणीत, खानापुरात, चिकोडीत माझ्या बरोबरीचे पेंटर अजून आहेत. काम नाही म्हणून कोणी वॉचमनची नोकरी धरली आहे, कोणी घरी बसून आहे. त्यांना बोलवा आणि गल्लीतली चार मुले रंगाची वाटी धरायला त्यांच्याजवळ बसवा. मी असाच बसलो होतो. माझे प्लास्टर निघाले आहे, शहापूर-वडगावातल्या कुठल्याही मंडळाचा एक फलक मी विनामूल्य रंगवून देईन. माझी अट एवढीच की मजकूर मुलांनी आखायचा.

आणि एक विनंती आपल्या कार्यालयाला. हे पत्र मी बोरूने लिहिले आहे. टाईप करणाऱ्यांनी यातला ‘वारकऱ्यांचे’ शब्द छापण्यापूर्वी एकदा माझ्या कागदाशी ताडून पाहावा.

आपला,
एक जुना पेंटर
शहापूर, बेळगाव