चोखोबा पायरीशीच का राहिले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘मी अध्यात्म मानते, धर्म मानत नाही,’ असे माझी नात परवा म्हणाली. तिचे अर्धे म्हणणे मला पटते. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. त्यांना विठ्ठल कांद्यामुळ्यात भेटला. त्याच काळातले चोखोबा मात्र जिवाच्या ओढीने पंढरीला जात आणि जातीमुळे बाहेरच उभे राहत. आजही त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांच्या भक्तीत काय उणे होते? अडवले ते माणसांनी, देवाच्या नावाने. ते दार उघडायला साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपाशी राहावे लागले. चोखोबांना जाऊन तोवर सहाशे वर्षे उलटली होती. तेव्हा नातीचा राग मला कळतो.

पण माझ्या आईला अक्षरओळख नव्हती आणि अख्खा हरिपाठ तोंडपाठ होता. तो तिला एकटीने डोळे मिटून बसून आला नाही. दिंडीत चालून चालून आला. माउलींच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त लावून दिली, म्हणूनच दिंड्यांचे क्रम, चोपदार, मुक्काम हे सारे आजवर टिकले. हीसुद्धा संघटनाच की! वारीत म्हातारा तरुणाच्या पाया पडतो आणि तरुण म्हाताऱ्याच्या. असे वागायला घरात बसून कोण शिकेल?

म्हणून संघटना नकोच, हे मला मान्य नाही. तिने दारात उभे राहून माणसे निवडू नयेत, एवढेच. गेल्या वर्षी एका मोठ्या देवस्थानात माझी ऐंशी वर्षांची बहीण पाच तास रांगेत उभी होती आणि पासवाले शेजारून थेट गाभाऱ्यात जात होते. शेवटी पाय सुजले, तशी ती कळसाला हात जोडून परत फिरली. जातीच्या जागी आता पैसा आणि ओळख आली. देवस्थानांनी हे पास बंद करावेत आणि म्हाताऱ्या माणसांना आधी आत सोडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नातीला येत्या आषाढीला तरडगाव ते फलटण एवढे तरी माझ्याबरोबर चाल म्हटले आहे. ती हो म्हणाली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फलटण