उंची आणि रंग छापता, तसे आईचेही नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार भरतो आणि वर्तमानपत्रांत ठरलेल्या साच्याची बातमी येते. अमुक लाखांचा घोडा, उंची 65 इंच, रंग नुकरा (गुलाबी कातडीचा पांढरा), रोज इतके लिटर दूध पितो. ती वाचून गावोगावचे घोडीवाले त्याच नराकडे घोडी घेऊन जातात. अकरा महिन्यांनी शिंगरू होते, तीन-चार वर्षे सांभाळले जाते आणि पाठीवर खोगीर पडल्यावर कळते की ते धड वळत नाही, थांबत नाही, गर्दीत उभे राहत नाही. रोजची रपेट, टेंट पेगिंग (धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणे), जिमखान्यातली बॅरल शर्यत आणि यात्रेची गर्दी, या सगळ्याला चालेल असा एकच घोडा घरी तयार करायचा असेल, तर नर निवडताना या बातम्यांत जे छापून येत नाही तेच आधी विचारावे लागते.

बॅरल शर्यतीचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तिच्यात घोड्याचे सगळे गुणदोष उघडे पडतात. खेळ अमेरिकेतला. आपल्याकडे डिझेलला वापरतात तशी 200 लिटरची तीन पिंपे त्रिकोणात ठेवायची. पहिल्या दोन पिंपांत 90 फूट अंतर, तिसरे त्या दोन्हींपासून 105 फुटांवर, आणि सुरुवातीची रेषा पहिल्या पिंपापासून 60 फूट मागे. एका पिंपाला एका बाजूने आणि उरलेल्या दोघांना उलट बाजूने वळसा घालून भरधाव परत यायचे. पिंप पडले की 5 सेकंद दंड. चांगला घोडा हे 17 सेकंदांच्या आसपास आटपतो. तेवढ्यात त्याला चारदा वेग घ्यावा लागतो आणि तीनदा मोडावा लागतो. प्रत्येक वळणाला अंगाचा भार आतल्या मागच्या पायावर येतो. इथे 65 इंच उंचीचा काडीचा उपयोग नाही. उलट वळसा मोठा पडतो आणि मागच्या पायाच्या सांध्यांवर ताण वाढतो. या खेळात चालणारे क्वार्टर हॉर्स साधारण 58 ते 62 इंचांचे असतात. तो घोडा आपल्या बाजारात येत नाही. आपल्या हाताशी मारवाडी, काठियावाडी, रेसकोर्सवरून निघालेला थरोब्रेड आणि आपल्या भीमेकाठची भीमथडी. पण नर पारखायची रीत जात बदलली म्हणून बदलत नाही.

नराला आधी बाजूने पाहावे. पाठ आखूड, कंबर रुंद, खांदा तिरका, पुठ्ठा भरलेला. नंतर मागून पाहावे. मागच्या पायांचे मधले सांधे एकमेकांकडे झुकलेले नकोत, बाहेर फाकलेलेही नकोत. गुडघ्याखालच्या नळीला टेप लावावी. 450 किलोच्या घोड्याला 7 ते 8 इंच घेर हवा; त्याहून बारीक नळीवर मोठे धड म्हणजे पुढे पायाच्या कंडरा सुजणार. खूर उचलून तळवा पाहावा. दोन्ही वृषण खाली उतरलेले असावेत. एकच दिसत असेल तर तो नर सोडावा, कारण हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. वरचा जबडा पुढे आलेला असेल तरीही तेच.

आता तोंड. ही तपासणी बाजारात कोणी करत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नाचवून दाखवलेला घोडा पाहून लोक म्हणतात, काय पाणी आहे! पण बऱ्याचदा ते पाणी नसते, वेदना असते. सुळा आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर लगामाची कडी बसते. तिथे अंगठा फिरवून पाहावा. जुने व्रण, हाडाला आलेली गाठ किंवा जिभेवर आडवी चीर सापडली, तर तो घोडा काटेरी लगामावर राहिलेला आहे. 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार असा लगाम वापरायला बंदी आहे, तरी तो वापरला जातो. अशा घोड्याचा खरा स्वभाव कोणालाच सांगता येत नाही, मालकालाही नाही. आणि स्वभाव तर शिंगरात उतरतो. म्हणून नर साध्या मोहरकीवर (तोंडात कडी नसलेल्या दोरीवर), एकाच माणसाच्या हातात, दुसरी घोडी वीस पावलांवर असताना चालवून दाखवायला सांगावा. टेम्पोत चढवून उतरवायला सांगावा. मग लांब दोरीवर चकरीत दोन्ही बाजूंना आधी दुडकीवर आणि मग कँटरवर (मध्यम दौडीवर) फिरवावा. आतला मागचा पाय पोटाखाली येतो की बाहेर फेकला जातो, ते पाहावे. मऊ मातीत ठसे पाहावेत. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडला पाहिजे. एका बाजूला सफाईने फिरणारा आणि दुसरीकडे मान ताठ करणारा नर कुठेतरी दुखरा असतो. पालखीच्या रिंगणात टाळ-मृदंगाच्या गजरात अश्व भरधाव धावतो आणि लगेच हजारो माणसांत शांत उभा राहतो, ते आपल्या जिल्ह्याने पाहिलेले आहे. वेग आणि शांतपणा एका अंगात राहू शकतात. नर पाहताना दोन्ही मागावेत.

रंगाबद्दल एकच सांगतो. डोळ्यांभोवती आणि नाकावर गुलाबी कातडी असलेला घोडा सोलापूरच्या 42-43 अंशांच्या उन्हात भाजतो, आणि डोळ्याजवळच्या रंगहीन कातडीला कर्करोगाचा धोका जास्त असतो. देवमण, पंचकल्याणी या शुभ मानलेल्या खुणा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने पाहावे. वळण घ्यायला त्याचा उपयोग नाही.

दिसण्यावर पैदास केल्याने काय होते, त्याचा मोठा धडा अमेरिकेनेच दिला आहे. 1969 साली जन्मलेला इम्प्रेसिव्ह नावाचा क्वार्टर हॉर्स केवळ पिळदार देखणेपणासाठी प्रदर्शनांत जिंकला. सगळे त्याच्याकडे घोड्या घेऊन धावले आणि दोन हजारांहून अधिक शिंगरे झाली. पुढे कळले की स्नायू थरथरून घोडा अचानक कोसळवणारा एचवायपीपी हा आनुवंशिक आजार त्याच्या वंशातून पसरला आहे. दोन्हीकडून हा दोष घेऊन 2007 पासून जन्मलेल्या शिंगरांची नोंदणीच तिथल्या संघटनेने बंद केली. उलट बाजूचे उदाहरण स्कँपरचे. शार्मेन जेम्स यांनी त्याच्यावर 1984 ते 1993 अशी सलग दहा वर्षे बॅरल शर्यतीचे जागतिक विजेतेपद मिळवले, पण तो खच्ची होता. वंश पुढे न्यायला अखेर त्याचा क्लोन करावा लागला.

म्हणून नरापेक्षा त्याची संतती पाहावी. वेगवेगळ्या घोड्यांना झालेली निदान पाच-सहा शिंगरे, तीही तीन-चार वर्षांची आणि खोगिराखाली चालणारी. एकच देखणे शिंगरू दाखवले तर ते आईचे देणे असू शकते. सगळ्यांत सारखा दिसणारा गुण हा बापाचा. आणि नराची आई पाहावी. ती कामाची होती का, किती वर्षे धडधाकट चालली, तिची इतर शिंगरे कशी निघाली? बापाचे नाव प्रत्येक जण सांगतो, आईचे विचारले की बोलणे तुटते.

आपली घोडी मात्र या सगळ्याच्या आधी येते. तिची खोट लिहून काढावी आणि त्याच जागी पक्का असलेला नर शोधावा. दोघांची खोट सारखी असेल तर शिंगरात ती पक्की बसते. दोन टोके जोडून मधले मिळेल, हा भ्रम आहे. 52 इंची भीमथडी घोडीला 65 इंची नर लावला तर लांब पाय आणि आखूड मान असे बेढब शिंगरूही निघू शकते. तसेच 1938 मध्ये वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी प्रचंड शायर आणि बुटक्या शेटलंड या जातींच्या घोड्यांचा उलटसुलट संकर करून दाखवले की जन्मतः शिंगराचा आकार आईच्या पोटातल्या जागेवर ठरतो. नुसता उंच नर आणून उंची मिळत नाही. भीमथडी घोडीला 56-57 इंचांचा, आखूड पाठीचा, शांत नर द्यावा. तिचा कठीण खूर आणि काटकपणा हा आपला ठेवा आहे, तो एका हंगामाच्या हौसेत घालवू नये.

घोडी नेण्याआधी दोन्ही जनावरांच्या रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. ग्लँडर्ससाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावरावर उपचार करत नाहीत, ते कायद्याने मारावे लागते. सोबत इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया आणि सर्रा या रक्ताच्या रोगांचीही तपासणी करावी. नराचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावे. 60 टक्क्यांहून अधिक शुक्रजंतू सरळ पुढे जाणारे असावेत. मागच्या हंगामात किती घोड्या दाखवल्या (नराला लावल्या) आणि किती गाभण राहिल्या, हे दोन आकडे मालकाने सांगायलाच हवेत.

घोडीचा माज 5 ते 7 दिवस राहतो आणि 21 दिवसांनी परत येतो. बीज सुटते ते माज संपण्याच्या 24 ते 48 तास आधी. त्यामुळे पहिल्याच दिवशी दाखवून परत येणाऱ्यांची घोडी उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि दोष नराला दिला जातो. तिसऱ्या दिवसापासून माज संपेपर्यंत दिवसाआड दाखवावी. बीज सुटल्यापासून 14 ते 16 व्या दिवशी सोनोग्राफी करावी. जुळे असले तर त्यातले एक त्याच वेळी काढता येते. घोडीला जुळे पेलत नाही, बहुधा दोन्ही हातची जातात. फेब्रुवारीत दाखवलेली घोडी जानेवारीत विते, शिंगराला उन्हाळ्याआधी तीन महिने मिळतात. मे महिन्यात दाखवून एप्रिलच्या आगीत शिंगरू आणू नये. व्यवहार कागदावर असावा. शिंगरू उभे राहून दूध प्याले तरच पूर्ण फी, नाहीतर पुढच्या हंगामात घोडी मोफत दाखवायची, ही अट मालकाच्या सहीने लिहून घ्यावी.

आपल्या बातमीदारांना विनंती आहे की यंदा बाजाराची बातमी देताना किमतीशेजारी चार गोष्टी छापाव्यात : नराच्या आईचे नाव आणि तिचे काम, खोगिराखाली चालणाऱ्या त्याच्या शिंगरांची संख्या, ग्लँडर्स तपासणीची तारीख आणि नर कोणत्या लगामावर चालतो ते. मालकाने एखाद्या गोष्टीचे उत्तर दिले नाही, तर तिथे ‘माहिती दिली नाही’ एवढेच छापावे.

आपला,
एक अश्वपालक वाचक, सोलापूर