आक्का, चूक होती तेवढीच राहिली

तीर्थस्वरूप आक्कांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र नातीकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितोय, कारण घरी येऊन आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही 'च्या घे आधी' म्हणून विषय मोडता. पाच-सहा वेळा मोडलाय.

इतरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आम्ही कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपती करतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढत होती, आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी जो तो मोबाईलवर बघत होता. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पाठ असतं. ५ तारखेला नागपंचमी होती. आदल्या दिवशी नागोबा विकता विकता बाबा म्हणाले, "मूर्ती हलवूया रे." मी त्यांना भिंतीवरची २००५ च्या पुराची खूण दाखवली. गुडघ्याएवढी. मूर्ती फळ्यांवर कमरेच्या वर होत्या. मी म्हणालो, "कशाला हमाली?" बाबा पुढं काही बोलले नाहीत.

नदी पंचावन्न फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर शाडूच्या मूर्तींचा नुसता राडा झालेला. कुठला पुराचा गाळ आणि कुठला आमचा गणपती, काही कळेना. प्लॅस्टरच्या मूर्ती उभ्या होत्या, पण रंग उतरलेले. २ सप्टेंबरला चतुर्थी. गिऱ्हाइकांचा बयाणा परत करण्यात दिवस गेले. दिवाळीनंतर बाबाही गेले.

मग डोक्यात एकच रेकॉर्ड लागली. मीच बुडवलं, मीच बाबांना मारलं. दात घासताना, माती तुडवताना, गाडीला किक मारताना तेच. पाहुणे म्हणायचे, 'तुझी काय चूक, सगळं कोल्हापूर बुडालं.' चांगल्या मनानं म्हणायचे, पण त्यानं उलट व्हायचं. मला माहीत होतं ना, बाबा काय म्हणाले होते ते.

त्या दिवसांत मी अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर तुमच्या फुलांच्या टोपलीशेजारी येऊन बसायचो. आत जात नव्हतो. कुठल्या तोंडानं जायचं? आठवडाभर तुम्ही काही विचारलं नाहीत, वेण्या बांधत राहिलात. मग एक दिवस विचारलंत, "बाबाला काय झालंतं? डाक्टर काय म्हनला?"

"किडनी. चार वर्षं शुगर होती."

"मग चार वर्सामागं पूर आलाता व्हय?"

मला हसू आलं, आणि लगेच रडू. तुम्ही थांबला नाहीत. "आन मूर्ती?" म्हणालात. मी म्हणालो, "बाबा सांगत होते, मी हलवल्या नाहीत." आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "व्हय. ती चूक हाय तुझी."

आक्का, आभार खरं तर त्या एका वाक्याचे आहेत. सगळे माझी चूक पुसायला बघत होते. तुम्ही ती मोजलीत. मूर्तींची चूक माझी. बाबांचं आजारपण माझं नाही, नदी तर नाहीच नाही.

मग हात धरून देवळातल्या गरुड मंडपात नेलंत. "तिच्याकडं मागू नगं, नुसतं सांग. खोटं बोलायचं न्हाई, आन वाढवून बी बोलायचं न्हाई. वाढवून सांगनं बी खोटंच." तिथं उभं राहून मला एवढंच म्हणता आलं: पाणी चढलं. मला २००५ ची खूण ठाऊक होती. बाबांचं ऐकलं नाही. मूर्ती गेल्या. पुढचं 'मी नालायक' ओठावर आलं, पण अंबाबाईसमोर ते रेटून म्हणवेना. रोज साच्यातून पोकळ मूर्ती काढणाऱ्या माणसाची भक्ती जरा वेगळीच असते, मी काही देवभोळा नाही. तरी तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून रेकॉर्ड लागली की मी तीच चार वाक्यं म्हणतो.

लगेच फरक पडला असं नाही. काही दिवस चार वाक्यांनंतर पाचवं यायचंच. मी वैतागलो होतो, तेव्हा ३१ जानेवारीला तुम्ही टोपली शेजारणीवर सोपवून मला किरणोत्सवाला नेलंत. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून देवीकडं जातात ते बघायला सगळे श्वास धरून उभे. तुम्ही कानाशी म्हणालात, "पयल्या दिवशी पायापतुरच असत्यात. तोंडावर यायला तिला बी तीन दिस लागत्यात. तुला आजच पायजे व्हय?"

मार्चमध्ये देऊळ बंद झालं. तुमची विक्रीही बंद, आणि तरी फोनवर मलाच धीर. "दार बंद हाय, तिचं कान न्हाईत बंद." मी घराच्या पायरीवर बसून चार वाक्यं म्हणायचो. पुढं पुढं ती म्हणायची राहूनही जायला लागली.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. त्याआधीच आम्ही मूर्ती उंचावर नेल्या होत्या. घाईत दोन-तीन सोंडा तुटल्या, तेवढंच. त्या रात्री मात्र डोकं सुरू झालं: तेव्हा बाबांचं ऐकलं असतंस तर? मी म्हणालो, व्हय, ऐकलं न्हाई. आणि कूस बदलून झोपलो. सकाळी उठल्यावर लक्षात आलं, झोप लागली होती.

आता गुडघ्यांमुळं तुमचं आत जाणं कमी झालंय. येत्या ९ नोव्हेंबरला संध्याकाळी नातीला घेऊन किरणं बघायला जा, टोपलीपाशी मी बसतो. वेणीचा भाव तेवढा आधी सांगून ठेवा. मागच्या खेपेला मी दहा रुपयांनी कमी विकल्या होत्या, ते तुम्ही अजून काढताय.

तुमचा,
गल्लीतला कुंभार