मेसच्या टेंडरमध्ये भाकरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांच्या मेसची टेंडरे निघतात. त्यात बहुधा एकाच रकान्याकडे लक्ष असते, प्रतिताट दर. सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळते आणि मग वर्षभर पातळ वरणावरून, ड्रमभर उष्ट्यावरून कुरबुरी चालतात. याचे मूळ टेंडरच्या अटींत आहे, म्हणून त्या अटींबद्दलच लिहीत आहोत.

पहिली अट भाकरीची हवी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघाले, आणि याच सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक मेसमध्ये रोज गव्हाची पोळी! यात दोष केवळ ठेकेदाराचा नाही. भाकरीला हात लागतात. सरावलेली बाई एका तव्यावर तासाला तीसेक भाकरी करते. ३०० मुलांना प्रत्येकी दोन म्हणजे एका वेळेला ६०० भाकरी आणि ५० किलो पीठ. हे बहुतेक मेसना झेपणार नाही. पण रात्री माणशी एक मऊ भाकरी आणि सोबत कडक भाकरी ठेवली तर चार बायका, अडीच तास आणि २५ किलो पिठात भागते. निम्म्या भाकरी पंगतीआधी, निम्म्या पंगत चालू असताना कराव्यात. सगळ्या आधीच करून ठेवल्या की दोन तासांत चिवट होतात आणि ताटात उरतात.

पीठ आठवड्यापुरतेच दळून आणावे. स्वस्त पडते म्हणून महिन्याचे दळले की ते विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात, चव कडवट लागते आणि ‘मुलांना भाकरी आवडत नाही’ असा शेरा पडतो. पीठ कडकडीत आधणात भिजवावे आणि एका वेळी सात-आठ भाकरींपुरतेच मळावे.

कडक भाकरी बचत गटांकडून घेता येते. ती कोरड्या हवेत महिनाभर टिकते, पण आषाढ-श्रावणात सादळते, म्हणून पावसाळ्यात मागणी दर आठवड्याला द्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि वाढण्याआधी तव्यावर अर्धा मिनिट शेकावी. वाहतुकीत काही भाकरी मोडतातच. मोडलेल्यांचे पैसे कापू नयेत, कारण शेंगांच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या भाजीत त्या कुस्करूनच खाल्ल्या जातात. गटांची खरी अडचण वेगळी आहे. अनामत रक्कम आणि वार्षिक उलाढालीची अट त्यांना टेंडरबाहेर ठेवते, आणि बिल तीन महिने अडकले तर ज्वारी आणायला पैसे उरत नाहीत. भाकरी आणि शेंगा चटणीची खरेदी मुख्य टेंडरमधून वेगळी काढावी आणि बिल दहा दिवसांत द्यावे. चटणीचे शेंगदाणे मात्र कुटण्याआधीच पाहून, वास घेऊन घ्यावेत. खवट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे कुटले गेले की तिखट-लसणाखाली दडतात.

दुसरी अट खाड्याची, म्हणजे न घेतलेल्या जेवणाचे पैसे वजा करण्याची. सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यासच खाडा, असा नियम असला की शनिवार-रविवारी गावी जाणारा मुलगा कळवत नाही, कारण कळवून त्याचे पैसे वाचत नाहीत. ठेकेदार अंदाजाने रांधतो. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, जानेवारीतली सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, या दिवशी तर अंदाज हमखास चुकतो. एका जेवणाचाही खाडा मान्य करावा, आदल्या रात्री आठपर्यंत कळवण्याची मुदत ठेवावी आणि वाचलेली रक्कम निम्मी विद्यार्थ्याला, निम्मी ठेकेदाराला द्यावी. मग दोघेही आकडा खरा ठेवतील.

सोबत तीन ड्रम आणि एक वजनकाटा हवा. एका ड्रममध्ये साली-देठे, दुसऱ्यात पातेल्यात उरलेले, तिसऱ्यात ताटातले उष्टे. वजन रोज फळ्यावर लिहावे. पातेल्यात उरत असेल तर हजेरीचा आकडा चुकतो आहे. ताटात उरत असेल तर चव बिघडली आहे किंवा वाढण्याचा डाव मोठा आहे. भाताचा डाव लहान करून दुसऱ्यांदा मोकळ्या हाताने वाढले तर उष्टे लगेच कमी होते. पातेल्यातले न उष्टावलेले अन्न इतरांना द्यायचे तर दोन तासांच्या आत, गरम असतानाच. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, भात-वरण रात्रीपर्यंत ठेवून वाटणे धोक्याचे आहे. भाकरी, पोळी, चटणी त्यामानाने निर्धोक.

ओल्या कचऱ्यावर बायोगॅस चालतो, पण टाकी सुरुवातीला शेणकाल्यावर काही आठवडे स्थिरावू द्यावी लागते. पहिल्याच दिवशी शंभर किलो भात ओतला की आत आंबट होते आणि गॅस थांबतो. लिंबाच्या साली आणि अंड्याची टरफले त्यात नकोत.

आणखी एक गोष्ट मनापासून मांडायची आहे. मोहोळ, अक्कलकोट, बार्शीहून पहाटेच्या एसटीने येणारी मुले वसतिगृहात राहत नाहीत, म्हणून मेसच्या हिशेबात ती नसतातच. त्यातली कित्येक दुपारपर्यंत उपाशी असतात. सकाळी नऊ ते साडेदहा भाकरी, पिठले आणि चटणी एवढेच ताट कूपनवर मिळावे. ज्यांना पैसे परवडत नाहीत त्यांना ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या तासांतून कूपन द्यावे आणि दोन्ही कूपने एकाच रंगाची असावीत, म्हणजे रांगेत कोण कसा जेवतो ते कुणाला कळणार नाही.

टेंडरचा मसुदा प्रसिद्ध होण्याआधी मेस समिती आणि बचत गटांसमोर ठेवावा आणि त्यावर हरकती-सूचनांसाठी किमान पंधरा दिवस द्यावेत, ही संबंधितांना विनंती.

आपले,
वसतिगृहांच्या भोजनव्यवस्थेत काम करणारे काही वाचक, सोलापूर