आपली फुटबॉल लीग १९९६ पासूनची आहे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बाकी सगळं मान्य, पण "आपल्याकडे खरी फुटबॉल लीग २०१४ पासून, आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यापासून" हे काही मला पटलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली डिसेंबर १९९६ मध्ये. त्याआधी ड्युरंड, रोव्हर्स, फेडरेशन कप अशा स्पर्धा होत्या, कोलकाता, गोवा, मुंबईच्या आपापल्या लीग होत्या. पण मोसमभर खेळून देशातला अव्वल क्लब ठरवायची सोय नव्हती. पहिलं विजेतेपद ना मोहन बागानला मिळालं, ना ईस्ट बंगालला. ते नेलं पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटीने, म्हणजे एका कापड गिरणीच्या संघाने. भाईचुंग भुतिया तेव्हा त्यांच्याकडे होता आणि त्या मोसमात सर्वाधिक गोलही त्याचेच. नंतर बरीच वर्षं चषक कोलकाता आणि गोव्यातच फिरत राहिला. अपवाद २००५-०६ चा, जेव्हा आपल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडने डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली लीग जिंकली. २००७ मध्ये नाव बदलून आय-लीग झालं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या गोव्याच्या डेम्पोने जुनी-नवी लीग धरून पाच वेळा बाजी मारली. आजच्या पोरांना हे माहीतच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण या क्लबांची मुळं वरवरचीच होती. तिकिटांतून आणि टीव्हीतून फारसं काही हाती लागत नव्हतं. सगळा खर्च मालक कंपनीच्या मर्जीवर. २०१० मध्ये महिंद्रने संघ बंद करण्याचा निर्णय घेतला, २०११ मध्ये जेसीटीने. दोन्ही माजी विजेते! अशा पडझडीत आयएसएल आली. तिने चांगली मैदानं, प्रेक्षक आणि खेळाडूंना बरे पगार दिले, हे मी नाकारत नाही. फक्त तेव्हा तिथे जागा फ्रँचायझीची, म्हणजे पैसे भरून घेतलेली होती, खेळून मिळवायची नव्हे.

आणि म्हणूनच मला ऐझॉलची गोष्ट तुला सांगायची आहे. २०१५-१६ मध्ये हा मिझोरामचा संघ आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला होता. मग गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत घेतलं. प्रशिक्षक खालिद जमील, महिंद्रचा जुना खेळाडू. मुंबई एफसी सोडून तिकडे गेलेला. ३० एप्रिल २०१७, शिलाँग, शेवटचा सामना तिथल्याच लाजोंग क्लबशी. विजेतेपदासाठी ऐझॉलला एक गुण पुरेसा. पण सुरुवातीलाच लाजोंगच्या डिकाने गोल केला आणि तिकडे कोलकात्यात त्याच वेळी विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मोहन बागानचा सामना सुरू. मध्यंतरापर्यंत पिछाडीच. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने चेंडू जाळ्यात धाडला, १-१, आणि तो निकाल शेवटपर्यंत टिकला. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आता सांग, या संघाला बक्षीस काय मिळालं? अव्वल स्पर्धेत जागा मागावी लागली, उपोषणाचा इशारा द्यावा लागला, तरी आयएसएलचं दार उघडलं नाही. २०१९ मध्ये आयएसएललाच अव्वल लीगचा दर्जा मिळाला. आय-लीग विजेत्याला बढती देण्याची वाट खुली झाली ती २०२२-२३ च्या मोसमापासून. आधी पंजाब एफसी वर गेला, मग मोहम्मडन स्पोर्टिंग. २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधून खाली मात्र एकही संघ गेलेला नाही.

ही घसरणीची बाजू पुरी झाल्याशिवाय मी आयएसएलला पूर्ण लीग म्हणणार नाही. तुझं मत वेगळं असेल तर मोकळेपणाने लिही. आणि जमलं तर त्या ऐझॉलच्या सामन्याची चित्रफीत शोधून नक्की बघ.

तुझा,
नितीन