बीटी फवारून ढेकण्या मरत नाही

संपादक महोदय,

काजूला मोहोर आला की ‘सेंद्रिय आहे, सगळ्या किडींवर चालते’ म्हणत बीटी या जैविक कीटकनाशकाची पाकिटे गळ्यात मारली जातात. ढेकण्याने (काजूवरचा ‘टी मॉस्किटो’ हा किडा) मोहोर करपवला तरी फवारणी चालूच. औषध चांगले आहे, पण या किडीसाठी नव्हे.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूने बनवलेले प्रथिनाचे स्फटिक. (2010 साली स्थगिती मिळालेले बीटी वांगे हे वेगळे प्रकरण, इथे झाडाच्या जनुकात काही घातलेले नसते.) अळीने फवारलेले पान खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो आणि प्रथिन आतड्याला भोके पाडते. अळी काही तासांत खाणे सोडते, मरायला दोन-तीन दिवस घेते. दुसऱ्या दिवशी ती हलताना दिसली म्हणून औषध खोटे ठरवू नये. ढेकण्या मात्र पान खात नाही, सोंड खुपसून आतला रस ओढतो. पानावरचे स्फटिक त्याच्या पोटात जातच नाहीत. त्याला आवर घालायला झाडावरचे हुमले (लाल मुंगळे) उपयोगी. पण बिया वेचताना चावतात म्हणून त्यांचीच घरटी आपण जाळतो!

गोव्यातल्या आगशी गावच्या वांग्यावर बीटी चालते, पण वेळ साधली तरच. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर काही तासांत आत शिरते. शेंड्याने मान टाकल्यावर फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. तो शेंडा भोकाच्या खालून कापून जाळावा. फवारणी अंडी दिसू लागताच सुरू करावी: लेबल पाहून, साधारण लिटरला एक ते दोन ग्रॅम भुकटी, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालूनही. उन्हाने प्रथिन काही दिवसांतच निकामी होते, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा.

आणखी एक चूक कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत होते. कोळेरोगासाठी (सुपारीची फळे कुजवणारा रोग) मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मारलेला पंप न धुता त्यातच बीटी भरतात. चुन्याच्या पाण्यात स्फटिक टाकीतच विरघळतो, अळीच्या पोटात पोचायच्या आधी.

विभागीय कृषी कार्यालयांनी पाकिटासोबत मराठी-कोंकणीत एक चिठ्ठी द्यावी: ‘फक्त चावून खाणाऱ्या अळ्यांसाठी. ढेकण्या, मावा, तुडतुडे यांच्यावर चालत नाही.’

– कृषी कीटकशास्त्राचे दोन अभ्यासक, फोंडा