बांबूवाल्या काकांना, वर्ष संपायच्या आत

काका, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही ते माहीत आहे, तुमचा तो बटणांचा फोन आणि चष्मा तर वेळेवर कधी सापडतच नाही, म्हणून सूनबाईंच्या फोनवर पाठवून राहिले. वहिनी, मोठ्यानं वाचा, आणि ते "पुढं वाच, पुढं वाच" करतील तरी काही गाळू नका.

दर डिसेंबरला मी आमच्या निसर्ग-संस्थेचं वर्षभराचं लिहिते. संस्था म्हणजे काय, पंधरा-वीस नोकरीवाली अन् कॉलेजची पोरं-पोरी, एक रजिस्टर, दोन दुर्बिणी, त्यातल्या एकीची एका बाजूची काच तडकलेली. यंदा लिहायला बसले, रजिस्टर उघडलं, तर जानेवारीत बांबू, मार्चमध्ये बांबू, जूनमध्ये बांबू. म्हटलं मग हे सगळ्यांना उद्देशून कशाला, सरळ तुम्हालाच लिहावं. शिवाय नोव्हेंबरचं एक देणं राहिलंय, त्यावर येते पुढे.

करीच्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारीला सकाळी, सोनेगाव तलावाकडच्या त्या गल्लीत आम्ही चौघं कडुनिंबाखाली उभे होतो आणि वर एक ढोकरी, तो तळ्याकाठचा मातकट बगळा, एका पंखावर उलटी लटकलेली. आदल्या दिवशी आख्खं नागपूर गच्चीवर, "ओ काट" आणि स्पीकर, आणि दुसऱ्या दिवशी झाडांवर हे. आमच्याकडे फरशी पुसायच्या मॉपची दांडी आणि तिला सेलोटेपनं जोडलेला पीव्हीसी पाइप, त्याच्या टोकाला वाकवलेली तार. मी ती तार मांजात अडकवून ओढली. ढोकरी जी ओरडली ना काका, तो आवाज मला अजून आठवतो, आणि मी मूर्खासारखी परत ओढणार तेवढ्यात मागून तुम्ही, मंकी टोपी, स्वेटर, तोंडात ब्रश, "ए ए ए! वढू नोका! पंख तुटते ना बापा तिचा!"

मग तुम्ही घरात गेलात आणि तो बांबू घेऊन आलात. वीसेक फुटांचा, टोकाला विळ्याचं पातं, वाइंडिंगच्या तारेनं आवळलेलं आणि वरून काळी टेप. आम्हाला वाटलं आता मांजा कापणार. तुम्ही मांजाला हातच लावला नाही. चौघांना चार कोपरे धरून चादर ताणायला लावलीत आणि ज्या डहाळीला गुंता होता ती डहाळीच कापलीत, "फांदी काप, पाखराले वरच्या वर नको छेडू." डहाळीसकट ढोकरी चादरीत आली. तिच्या डोक्यावर तुम्ही तुमचा दुपट्टा टाकला तशी ती गप्प झाली, एकदम, जसा स्विच बंद केला. आणि मग नेलकटर. कात्री नाही, नेलकटर! आमच्यातल्या एकीला हसू आलं होतं. पण कात्रीचं टोक पिसांत कुठं शिरतं ते दिसत नाही आणि नेलकटर फक्त दोऱ्यालाच धरतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. इकडून एक कट, तिकडून एक कट, आणि मधला जो तुकडा मांसात रुतलेला होता तो तसाच ठेवलात. "हा डाक्टरनं काढाचा. आपण नाही."

खोक्याला भोकं पाडून, आत जुनं वर्तमानपत्र घालून आम्ही तिला सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी प्राण्या-पक्ष्यांच्या दवाखान्यात, नेलं. पंखाच्या पुढच्या कडेला पातळ कातडी असते ना, तीच फाटली होती, मांजानं बहुतेक तिथंच कापतं. मी रस्त्यात तिला पाणी पाजायला बाटलीचं बूच काढलं होतं आणि तुम्ही मागच्या सीटवरून माझ्या मनगटावर चापट मारलीत, घाबरलेल्या पाखराच्या चोचीत पाणी ओतलं की ते श्वासनळीत जातं म्हणून. हे नंतर तिथल्या डॉक्टरांनीही तसंच्या तसं सांगितलं. चापट न मारता, अर्थात.

फेब्रुवारीत तिला फुटाळ्याच्या काठावर सोडलं तेव्हा तुम्ही सायकलवर आलात, ते पण अर्धा तास आधी. खोकं उघडलं, ती बाहेर आली आणि चिखलात अशी उभी राहिली की दोन पावलांवरून दिसेना, मातीच ती. आम्ही सगळे मोबाइल धरून. मग एकदम उडाली आणि पांढरीफक्क. तुम्ही म्हणालात, "बसली का मातीची, उडाली का कपडे बदलते." त्या दिवशीचं हे वाक्य रजिस्टरमध्ये आहे, तारखेसकट. त्याच फेरीत तुम्हाला हळदी-कुंकू बदक दाखवलं, काळी चोच, टोकाला पिवळं आणि कपाळाशी दोन लाल ठिपके, तर तुम्ही कितीतरी वेळ दुर्बीण सोडलीच नाही (चांगलीवाली, बाकीचे तडकलेलीवर) आणि वर आम्हालाच ऐकवलंत की हिला तर मी पोरगा होतो तेव्हापासून पाहून राह्यलो, नाव आज समजलं.

पण मला खरं ज्याच्यासाठी आभार मानायचेत ते ढोकरीचं नाही. ढोकरी आम्ही पुढेमागे शिकलोच असतो कुठून तरी. आमची समजूत अशी की मांजाचं काम म्हणजे संक्रांतीचे चार दिवस, हेल्पलाइनचे नंबर फिरवायचे, फोटो टाकायचे, झालं. तुम्ही विचारलंत, "अन् जे झाडाले लटकून हाये ते काय फागुनात आपोआप गळते का?" नाही गळत. सुती दोरा पाऊस-उन्हात कुजून जातो, नायलॉन तसाच राहतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातली त्यावर, हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं कितीदा तरी सुनावलं, तरी डिसेंबर लागला की चक्री मिळतेच, कुठं मिळते ते गल्लीतल्या पाचवीच्या पोराला विचारा. आणि एकदा झाडावर गेला की तो जानेवारीत काय, जुलैमध्ये पण तेवढाच धारदार. वटवाघळं तर रात्रीच अडकतात, सकाळी घारी दिसतात म्हणून घारींचीच बातमी होते.

तेव्हा रविवारचा मांजा सुरू झाला. कुठं स्पर्धा नाही, कुठं सर्टिफिकेट नाही. तुम्ही पुढं सायकलवर, बांबू खांद्यावर आडवा, त्यामुळं मागून येणारे ऑटोवाले शिव्या देणार, आणि आम्ही मागे गोणी घेऊन. पहिल्या रविवारी अकरा जण होतो, तिसऱ्या रविवारी चार, खोटं कशाला बोलू. तरी जून लागेपर्यंत सिमेंटच्या तीन गोण्या भरल्या. गुलाबी, हिरवा, काळा, सगळा एकमेकांत गच्च, आणि एकीत एका लहान पक्ष्याचा नुसता पाय. कोणता पक्षी ते नाही ओळखता आलं. तुम्ही तो पाय वेगळा काढून मातीत पुरलात आणि त्यावर काही बोलला नाहीत, आम्ही पण नाही.

तारांवरच्या मांजाला मात्र तुम्ही एकदाही हात लावू दिला नाही. आमच्यातला एक हिरो बांबू घेऊन निघाला होता ट्रान्सफॉर्मरकडे, आणि आयुष्यभर विजेच्या पोलवर चढलेला माणूस जसा ओरडेल तसे तुम्ही ओरडलात. सकाळच्या दवानं ओला झालेला बांबू, वर ओला मांजा, मग कशाचं काय लाकूड अन् कशाचं काय. "परमिट घेतल्याबिगर, सप्लाय बंद केल्याबिगर, अर्थिंग केल्याबिगर हात नाही. माह्ये दोन दोस्त असेच गेले." मग तुम्हीच फोन करायचे. एकदा एका ऑफिसातून उत्तर आलं की पक्ष्यासाठी फीडर बंद होत नसतो. तुम्ही फोन ठेवलात, दुसऱ्या कोणाला तरी लावलात, त्याच्या लग्नात तुम्ही जेवण वाढलं होतं वगैरे झालं आणि वीस मिनिटांत डीओ पडला, म्हणजे लाइन बंद झाली. कावळाच होता तो, साधा. कावळ्यासाठी एवढं कोणी करत नाही काका.

कावळ्यावरून आठवलं. एप्रिलमध्ये आपण मातीची भांडी वाटत होतो (भांड्यात खडबडीत दगड ठेवा म्हणजे मधमाशा बुडत नाहीत, हेही तुमचंच, आम्ही ते पोस्टरवर आपलं म्हणून छापलं, सॉरी). तेव्हा चहाच्या टपरीवर तुम्ही ते सांगितलंत. पावसाळ्याआधीच्या मेंटेनन्सला दर वर्षी मे-जूनमध्ये पोलवरची कावळ्यांची घरटी काढायची ड्युटी. कावळा घरट्यात काड्यांबरोबर तारेचे तुकडे पण घालतो, शॉर्ट होतं, लाइन ट्रिप होते, म्हणून काढावीच लागतात, आणि नेमका तोच त्यांचा अंड्यांचा टाइम. "अन् त्याच्यात कोकिळेची बी असतात ना. म्हंजे एकाच घरट्यात दोघींचे पोरं पाडले म्या. तीस वर्षं. हिशेब कर." मी नाही केला हिशेब. लोकांच्या घरात लाइट राहावी म्हणून केलं तुम्ही, असं काहीतरी पुटपुटले आणि ते तुम्हाला पटलं नाही हे दिसलं मला. तुम्ही कप विसळून ठेवला आणि म्हणालात, चल, उरलेली भांडी कोणाकडं द्याची.

बाकी वर्षाचं पटकन सांगते. जुलैमध्ये करंज, बेल, पळस लावले, निम्मे बकऱ्यांनी खाल्ले, चूक आमची, आम्ही फोटो काढून घरी गेलो होतो. उरलेल्यांना तुम्ही बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि तेवढेच जगले. तलावांच्या काठची नोंदवही थोडी पुढं सरकली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावानं, शहरानं आपली लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय तर आपल्याच शहरात आहे, पण आमच्यासारख्यांना त्यातला सगळ्यात अवघड रकाना कोणता माहीत आहे का, 'स्थानिक नाव'. पुस्तकातलं नाव सगळ्यांना येतं. तो रकाना आता अर्धा तरी भरलाय आणि अक्षर जरी माझं असलं तरी नावं तुमची आहेत.

आता नोव्हेंबर.

पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, ५ ला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ ला सालिम अलींचा. यंदा चितमपल्ली सर नाहीत, जूनमध्येच गेले, इतकी वर्षं आपल्या नागपुरात राहिलेले, म्हणून कार्यक्रम जरा मोठा करायचा ठरवला. शाळेचा हॉल, तीनशे खुर्च्या, बॅनर. आभार मानायला मी उभी राहिले. बॅनर स्पॉन्सर करणाऱ्यांचे मानले, हॉलवाल्यांचे, साउंडवाल्यांचे, ज्यांनी तर्री-पोहे दिले त्यांचे, आणि एका माजी नगरसेवकांचे, जे आलेच नव्हते. तुमचं नाव घेतलं नाही. मुद्दाम नाही, काका, चिठ्ठीवर लिहायचंच राहिलं, आणि का राहिलं याचा विचार केला तर आणखीच वाईट वाटतं, कारण तुम्ही 'आपल्यातलेच' झाला होतात आणि आपल्यातल्याचं कोण लिहून ठेवतं. तुम्ही शेवटच्या रांगेत होतात. पोरांना दाखवायला बांबू आणला होता, तो हॉलच्या दारातून आत येईना म्हणून बाहेर भिंतीला टेकवून ठेवला होता. संपल्यावर मी आले तर तुम्ही खुर्च्या एकात एक घालून राहिले होते.

मी काही बोलले नाही तेव्हा. लाज वाटली. आमच्यातल्या दोघांनी नंतर सांगितलं की शाल-श्रीफळ घेऊन घरी जाऊ, आणि तुम्ही काय म्हणाल ते सगळ्यांनाच माहीत असल्यामुळं ते तिथंच राहिलं. म्हणून हे पत्र, आणि तेही वर्षभराच्या लिहिण्याच्या जागी, सगळ्यांसमोर, कारण विसरले पण सगळ्यांसमोरच होते.

तर काका, आभार. ढोकरीचे, तीन गोण्यांचे, मनगटावरच्या चापटीचे, त्या एका कावळ्याचे.

आणि कामाचं. तुमचा बांबू हॉलवरून माझ्याकडं आला तो अजून आमच्या जिन्यात आडवा पडलाय, रोज कोणी ना कोणी त्याला अडखळतं आणि आई रोज विचारते हे कधी जाणार. पात्याला धार लावून आणली, टेप नवी मारली. सायकलवर न्यायला येऊ नका, गुडघ्याचं काय चाललंय ते वहिनींनी सांगितलंय मला. १० जानेवारीला आम्हीच पोचवतो आणि १४ ला सकाळी सहाला तुमच्या दारात हजर. यंदा तुम्ही खुर्ची टाकून खाली बसायचं आणि ओरडायचं, चढायचं-ताणायचं आम्ही. चादर आणतो. नेलकटर पाच घेतलेत.

तुमची,
मॉपच्या दांडीवाली